मुदतीआधीचा राजीनामा आणि पोटनिवडणुकीचा खर्च

माण हे गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीला लागून आहे. आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात गावची बरीच जमीन गेली आणि शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा डेपोही इथेच उभा राहिला. मतदानाला मात्र माण अजून डोंगराकडच्या गावांबरोबरच जाते: विधानसभेला भोर, लोकसभेला बारामती. शेजारचे वाकड चिंचवड विधानसभा मतदारसंघात मोडते. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये आमदार लक्ष्मण जगताप यांच्या निधनामुळे पोटनिवडणूक लागली. मुक्ता टिळक यांच्या निधनामुळे कसब्यातही त्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, मतदान झाले. या दोन्ही निवडणुकांवर भरपूर वाद झाले, पण सरकारने हा खर्च का करायचा, हा मुद्दा कोणी गंभीरपणे काढला नाही. मृत्यूने जागा रिकामी झाली तर ती भरायचीच, हे सगळ्यांना मान्य आहे.

निवडून आलेल्या माणसाने जागा आपणहून सोडली की हा प्रश्न उभा राहतो. बारामती लोकसभा मतदारसंघाचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९८४ मध्ये शरद पवार इथून लोकसभेवर गेले. पुढच्याच वर्षी विधानसभेवर निवडून आल्यावर त्यांनी लोकसभेची जागा सोडली आणि १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे खासदार झाले. १९९१ मध्ये अजित पवार निवडून आले. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात शरद पवार संरक्षणमंत्री झाल्यावर अजित पवारांनी काही महिन्यांतच जागा मोकळी केली आणि पोटनिवडणुकीत शरद पवार खासदार झाले. मार्च १९९३ मध्ये ते मुख्यमंत्री म्हणून मुंबईला परतले, जागा पुन्हा रिकामी झाली आणि १९९४ च्या पोटनिवडणुकीत बापूसाहेब थिटे निवडून आले. म्हणजे दहा वर्षांत एकाच मतदारसंघात तीन पोटनिवडणुका झाल्या. या तीन वेळांपैकी एकदाही पक्षांतर झाले नव्हते आणि कायदाही मोडला गेला नव्हता. एका पदावरचा माणूस दुसऱ्या पदावर गेला, एवढेच.

ही गोष्ट आधी सांगण्याला कारण आहे. या विषयावरची चर्चा बहुधा पक्षांतराच्या रागातून सुरू होते आणि तिथेच अडकते. प्रश्न त्याहून जुना आहे आणि रुंदही आहे.

आज पैसे कोण देते

याबाबतची व्यवस्था साधी आहे. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार करते, विधानसभेचा राज्य सरकार. दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या तर खर्च दोघांत वाटला जातो. कायदा-सुव्यवस्थेचा खर्च मात्र कोणत्याही परिस्थितीत राज्याकडे असतो. सार्वत्रिक निवडणुकीला आणि पोटनिवडणुकीला नियम एकच. जागा निधनाने रिकामी झाली, अपात्रतेने झाली की राजीनाम्याने, याने हिशेबात काही फरक पडत नाही. महापालिकेच्या निवडणुकीचा भार महापालिकेच्या तिजोरीवर पडतो.

उमेदवार भरतो ती अनामत रक्कम लोकसभेसाठी २५ हजार रुपये आणि विधानसभेसाठी दहा हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी. एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली की ती परत मिळते. थोडक्यात, निवडून आलेल्या माणसाचे सरकारकडे काहीच अडकलेले नसते. त्याने सहा महिन्यांत जागा सोडली तरी त्याच्याकडून वसूल करण्यासारखी रक्कम हाताशी नाही आणि ती वसूल करण्याचा अधिकार देणारे कलमही नाही.

एका पोटनिवडणुकीला किती पैसे लागतात याचा अंदाज करता येतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीवर सरकारचे सुमारे ३,८७० कोटी रुपये खर्च झाले. ५४३ जागांनी भागले तर दर जागेला सात कोटींच्या आसपास येतात. हा केवळ सरासरीचा आकडा आहे. एकट्या मतदारसंघाची निवडणूक घेताना काही खर्च वाढतो, काही कमी होतो, आणि २०१४ नंतर दरही बदललेले आहेत. पण पुढे जे प्रस्ताव येतील ते मापून पाहायला हा आकडा उपयोगी पडतो.

राजीनाम्यांमागची कारणे

राज्यघटनेच्या अनुच्छेद १०१ आणि १९० नुसार खासदार किंवा आमदार सभागृहाच्या अध्यक्षांना स्वतःच्या सहीचे पत्र देऊन राजीनामा देऊ शकतो. कारण सांगण्याचे बंधन नाही. १९७४ पर्यंत पत्र दिले की काम संपत असे. त्या वर्षी गुजरातेत नवनिर्माण आंदोलनात आमदारांवर दबाव आणून राजीनामे घेतले गेले. त्यानंतर तेहतिसाव्या घटनादुरुस्तीने राजीनामा खरा आणि स्वेच्छेचा आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला. अध्यक्ष पाहतात ते एवढेच. राजीनाम्याचा हेतू चांगला की वाईट, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे नाही.

प्रत्यक्षात हे राजीनामे निरनिराळ्या कारणांनी येतात.

पहिला प्रकार दोन जागा लढवण्याचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३(७) नुसार एका उमेदवाराला दोन मतदारसंघांतून उभे राहता येते. ही मर्यादा १९९६ ची, त्याआधी तीही नव्हती. दोन्हीकडे निवडून आल्यास कलम ७० प्रमाणे एक जागा सोडावीच लागते. २०१४ मध्ये नरेंद्र मोदींनी वाराणसी ठेवून वडोदरा सोडले, २०२४ मध्ये राहुल गांधींनी रायबरेली ठेवून वायनाड सोडले. दोन्ही ठिकाणी पोटनिवडणूक झाली.

दुसरा प्रकार पद बदलण्याचा, बारामतीसारखा. जानेवारी २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले आणि सोलापूरची लोकसभेची जागा सुटली. पोटनिवडणुकीत ती भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी जिंकली. याला जोडूनच दुसऱ्यासाठी जागा मोकळी करून देण्याचा प्रकार येतो. मनोहर पर्रीकर २०१७ मध्ये दिल्लीहून गोव्याच्या मुख्यमंत्रिपदावर परतले, तेव्हा पणजीचे आमदार सिद्धार्थ कुंकळ्येकर यांनी राजीनामा दिला आणि २३ ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत पर्रीकर निवडून आले. सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते, ही घटनेचीच अट आहे. त्यामुळे अशा राजीनाम्याला सोय म्हणायचे की घटनेने आणलेली गरज, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते.

तिसरा प्रकार पक्ष बदलण्याचा. नारायण राणे यांनी २००५ मध्ये शिवसेना सोडली, मालवणच्या आमदारकीचा राजीनामा दिला आणि काँग्रेसच्या तिकिटावर पोटनिवडणूक जिंकली. गोव्यात विश्वजित राणे यांनी मार्च २०१७ मध्ये, निकाल लागून काही दिवस होतात न होतात तोच, वाळपईची जागा सोडली आणि भाजपकडून ती पुन्हा मिळवली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दयानंद सोपटे आणि सुभाष शिरोडकर यांनी मांद्रे आणि शिरोडा इथे तसेच केले. साताऱ्यात उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे खासदार झाले आणि सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. २१ ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना सुमारे ८७ हजार मतांनी हरवले.

चौथा प्रकार एखाद्या मुद्द्यासाठी दिलेल्या राजीनाम्याचा. भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांविषयीच्या सरकारी धोरणावर टीका करत खासदारकी सोडली. २८ मे २०१८ ला, ऐन विदर्भाच्या उन्हाळ्यात, पोटनिवडणूक झाली. व्हीव्हीपॅट यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली आणि दोन दिवसांनी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले आणि जेमतेम वर्षभर खासदार राहिले. स्वतंत्र तेलंगणाच्या मागणीसाठी सोडलेल्या जागांसह बारा जागांवर जुलै २०१० मध्ये पोटनिवडणुका झाल्या. त्यांतल्या अकरा तेलंगणा राष्ट्र समितीने जिंकल्या.

हे वर्गीकरण कागदावर जितके स्पष्ट दिसते तितके व्यवहारात नसते. पटोले राजीनाम्यानंतर महिन्याभरात काँग्रेसमध्ये गेले. मग त्यांना तिसऱ्या रकान्यात घालायचे की चौथ्या? त्यांचे समर्थक एक उत्तर देतील, विरोधक दुसरे, आणि कायद्याला यात लक्ष घालण्याचे कारण नाही. काही राजीनामे तर कागदावरच राहतात. मराठा आरक्षणासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये खासदार हेमंत पाटील आणि हेमंत गोडसे यांनी राजीनामे जाहीर केले, तरी दोघेही मुदत संपेपर्यंत खासदार होते. अशा राजीनाम्याचा सरकारला खर्च काहीच नाही.

मंत्रिपदाचा राजीनामा ही वेगळीच बाब आहे. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, ते महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. मंत्रिपद सोडल्याने मतदारसंघ रिकामा होत नाही. या लेखातला प्रश्न फक्त जागा सोडण्याचा आहे.

पैशात न मोजलेला खर्च

वादात बहुधा निवडणूक यंत्रणेवरचे पैसे तेवढे मोजले जातात. माणसारख्या गावातून पाहिले तर दुसरे खर्च आधी डोळ्यांत भरतात.

पोटनिवडणूक लागली की शिक्षकांच्या नेमणुका निघतात. प्रशिक्षण होते, आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन यंत्रे आणि पेटी ताब्यात घ्यायची, रात्री शाळेतच मुक्काम, दुसऱ्या दिवशी मतदान आणि मग साहित्य जमा करण्याची रांग. तेवढे दिवस वर्ग बंद किंवा अर्धे. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचे (बीएलओ) घरोघरी फिरणे वेगळे. ग्रामीण मतदारसंघ असेल तर आचारसंहिता साधारणपणे सगळ्या जिल्ह्याला लागते. निविदा काढायच्या राहिलेला रस्ता, मंजुरीच्या टप्प्यावर आलेली पाणी योजना, सगळे महिना-दीड महिना जागच्या जागी थांबते. ज्या गावात दर वर्षी नवे गृहप्रकल्प उभे राहतात आणि रस्ते-पाणी-कचऱ्याची मागणी त्याहून वेगाने वाढते, तिथे हा दीड महिना मोठा असतो.

दुसरा खर्च रिकाम्या जागेचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१(अ) नुसार जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा त्या काळात निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर ती घेतली जात नाही. महाराष्ट्रात या अपवादाला विशेष महत्त्व आहे. २००४ पासून आपल्याकडे लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात आणि विधानसभेची दिवाळीच्या आसपास होते. त्यामुळे आमदार खासदार झाला की त्याची विधानसभेची जागा काही महिने रिकामी राहते आणि पोटनिवडणूक लागत नाही. २०१९ मध्ये कसब्याचे आमदार गिरीश बापट पुण्याचे खासदार झाले, २०२४ मध्ये प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड असे अनेक आमदार लोकसभेत गेले. सगळीकडे हेच झाले. अशोक चव्हाण यांनी १२ फेब्रुवारी २०२४ ला भोकरची आमदारकी सोडली आणि दुसऱ्या दिवशी भाजपमध्ये प्रवेश केला. त्या जागेवरही पोटनिवडणूक झाली नाही. सरकारी तिजोरीतून एक रुपया गेला नाही, पण भोकरला विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत आमदार नव्हता. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्याची शिफारस करणारी व्यक्तीच तेवढा काळ नसते.

या दुसऱ्या खर्चाकडे न्यायालयांनी गंभीरपणे पाहिले आहे. गिरीश बापट यांचे मार्च २०२३ मध्ये निधन झाले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. यंत्रणा २०२४ च्या तयारीत आहे आणि नव्या खासदाराला फार थोडी मुदत मिळेल, अशी कारणे दिली. पुण्यातील एका मतदाराच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. मतदारांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, नागपूर खंडपीठाने अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली, कारण उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी होती. दोन्ही जागा निधनामुळे रिकाम्या झालेल्या होत्या, पण राजीनाम्याच्या वादालाही हे निकाल लागू पडतात. पैसे वाचवण्यासाठी पोटनिवडणूक टाळायची, तर तो खर्च पैशाच्या रूपातून निघून रिकाम्या जागेच्या रूपात मतदारांवर येतो. माझ्या मते या चर्चेत सर्वांत कमी मोजला गेलेला भाग हाच आहे.

खर्च कोणी सोसावा : निरनिराळ्या भूमिका

जागा सोडणाऱ्याने खर्च द्यावा, ही भूमिका लोकांत सर्वांत प्रिय आहे आणि तिला अधिकृत आधारही आहे, पण तो मर्यादित आहे. निवडणूक आयोगाने २००४ मध्ये सरकारला सुचवले, की उमेदवाराला एकाच जागेवरून उभे राहू द्यावे. ते जमत नसेल, तर दोन जागा जिंकून एक सोडणाऱ्याकडून विधानसभेसाठी पाच लाख आणि लोकसभेसाठी दहा लाख रुपये घ्यावेत. हा प्रस्ताव फक्त दोन जागांच्या प्रकाराचा होता. या प्रकारात पोटनिवडणूक लागू शकते हे अर्ज भरतानाच ठाऊक असते, म्हणून त्याच्यामागचे तर्कशास्त्र पक्के आहे. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालांत एकाच जागेची शिफारस केली. आजवर कायदा बदललेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३३(७) विरुद्धची याचिका फेटाळली आणि हा धोरणाचा भाग असून तो संसदेने ठरवायचा, असे सांगितले.

हीच वसुली सर्व राजीनाम्यांना लावावी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा मुद्दा सरळ आहे: निर्णय एकाचा, फायदा त्याचा, मग भुर्दंड सगळ्यांनी का सोसायचा? यावरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे. रक्कम दहा लाखांसारखी ठेवली, तर लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत प्रचारखर्च करण्याची मुभा असताना ती कोणाला अडवणार नाही. उलट पैसे भरले की हिशेब संपला, असे वाटू लागेल. रक्कम खऱ्या खर्चाएवढी, सात-आठ कोटींची, ठेवली तर ज्याच्यामागे पक्ष किंवा पैसेवाला उभा आहे तोच राजीनामा देऊ शकेल. सदसद्विवेकाने जागा सोडू पाहणारा साधा आमदार मात्र अडकेल.

याच आक्षेपातून पक्षाने पैसे द्यावेत, ही भूमिका पुढे येते. राजीनामा देणाऱ्याला जो पक्ष पोटनिवडणुकीत तिकीट देतो, फायदा त्याचा आहे आणि ऐपतही त्याची आहे. पक्षांतराच्या प्रकारात हे बरोबर बसते. पण सोडणारा अपक्ष राहिला, किंवा स्वतः उभाच राहिला नाही तर काय? शिवाय नोंदणीकृत पक्षावर असा आर्थिक भार टाकण्याची तरतूद आजच्या कायद्यात नाही. ती आणायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, आणि दुरुस्ती करणारे सभासद त्याच पक्षांचे आहेत.

सरकारनेच खर्च करावा, असे म्हणणाऱ्यांना हितसंबंधी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे: पोटनिवडणूक ही राजीनामा देणाऱ्याची सोय नाही, तो मतदारांचा हक्क आहे. प्रतिनिधी निवडण्याचा खर्च ज्याचा हक्क त्यानेच, म्हणजे सार्वजनिक तिजोरीने, करायचा. पक्ष बदलणाऱ्याने जागा धरून बसण्यापेक्षा ती सोडून पुन्हा लोकांपुढे जावे, हेच पक्षांतरबंदी कायद्याला हवे होते. त्यावर दंड लावला तर लोक राजीनामा न देताच पक्ष बदलण्याच्या वाटा शोधतील. आणि न्याय करायला मतदार आहेतच. साताऱ्याने उदयनराजेंना पाडले, मालवणने राणेंना निवडून दिले. दोन्ही निकाल त्या त्या मतदारांचे.

बेळगाव जिल्ह्याचे उदाहरण या भूमिकेच्या बाजूनेही वापरले जाते आणि विरुद्धही. २०१९ च्या जुलैत कर्नाटकातल्या ज्या आमदारांनी राजीनामे दिले, त्यांत गोकाकचे रमेश जारकीहोळी आणि अथणीचे महेश कुमठळ्ळी होते; कागवाडचे श्रीमंत पाटील यांनी मात्र राजीनामा दिला नव्हता. अध्यक्षांनी या तिघांनाही अपात्र ठरवले आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यास बंदी घातली. पाटील यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला निकाल दिला: राजीनामा दिल्याने आधी घडलेले पक्षांतर पुसले जात नाही, अपात्रता कायम, पण मुदत संपेपर्यंत बंदी घालण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही. ५ डिसेंबरला पंधरा जागांवर पोटनिवडणुका झाल्या आणि हे तिघेही भाजपकडून निवडून आले. जनतेने कौल दिला, असे एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, सरकार पाडण्यासाठी सरकारी पैशाने पोटनिवडणूक वापरता येते, हे यातून सिद्ध झाले. पुढच्या वर्षी मध्य प्रदेशात २८ जागांवर एकाच दिवशी पोटनिवडणुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक राजीनाम्यांमुळे.

म्हणून काही जण पैशाचा नाद सोडून बंदीकडे वळतात. आपणहून जागा सोडणाऱ्याला त्या सभागृहाच्या उरलेल्या मुदतीत पोटनिवडणूक लढवता येऊ नये किंवा मंत्रिपद मिळू नये, असा हा विचार. २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अपात्र ठरलेल्यांना मंत्रिपद नाकारले आहे, पण पुन्हा निवडून येईपर्यंतच. आणखी एक प्रस्ताव निवृत्तिवेतनाचा. महाराष्ट्रात माजी आमदाराला दरमहा किमान ५० हजार रुपये मिळतात. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षांतराखाली अपात्र ठरलेल्यांचे निवृत्तिवेतन काढणारे विधेयक मंजूर केले. ते अपात्रतेपुरते आहे, साध्या राजीनाम्यापुरते नाही. पण मुदत पूर्ण न करणाऱ्याचे आर्थिक लाभ कमी करावेत, ही कल्पना या चर्चेत आता पक्की रुजली आहे. मला ती वसुलीपेक्षा व्यवहार्य वाटते, कारण तिथे पैसे मागायला जावे लागत नाही.

बाहेर काय चालते

ब्रिटनमध्ये पोटनिवडणुकीचा खर्च सरकारी निधीतून होतो आणि सोडणाऱ्याकडून काही घेतले जात नाही. ऑस्ट्रेलियात सेनेटची जागा रिकामी झाली तर त्या राज्याचे विधिमंडळ त्याच पक्षाची व्यक्ती नेमते. १९७७ पासून ही घटनात्मक तरतूद आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक उमेदवाराबरोबर एक पर्यायी उमेदवार निवडून येतो. खासदार मंत्री झाला किंवा वारला तर तो जागा घेतो, राजीनामा दिला तर मात्र पोटनिवडणूकच होते. क्यूबेक प्रांताने २०१५ मध्ये, कुटुंब किंवा आरोग्याच्या गंभीर कारणाशिवाय मुदतीत जागा सोडणाऱ्यांचा संक्रमण भत्ता बंद केला. आपल्याला जवळची वाटावी अशी यांतली फ्रान्सची योजना आहे, कारण बारामतीसारखे काही प्रसंग तिने सुटू शकतात. पण आपल्याकडे मतदार व्यक्तीला मत देतो की पक्षाला, हा जुनाच वाद त्यात पुन्हा उभा राहील.

गावपातळीवर

ग्रामपंचायतीत राजीनाम्याची परंपरा वेगळी आहे. मुळशीत काय आणि अन्यत्र काय, पॅनेलमध्ये आधीच बोलणे झालेले असते: सव्वा वर्ष तू, सव्वा वर्ष मी. ठरल्याप्रमाणे सरपंच पंचायत समितीच्या सभापतींकडे राजीनामा देतो आणि सदस्य आपल्यातून नवा सरपंच निवडतात. तहसीलचा एक अधिकारी, एक सभा, काम झाले. अनेक भावक्या आणि वाड्या असलेल्या गावात पद फिरते राहावे, ही त्यामागची समजूत आहे आणि तिला गावाची संमतीही असते.

थेट सरपंच आले तेव्हा हे गणित बदलले. २०१७ मध्ये सरपंच जनतेतून निवडायचे ठरले, २०२० मध्ये ते रद्द झाले आणि २०२२ मध्ये परत आले. थेट सरपंचाची जागा रिकामी झाली की सगळ्या गावाला पुन्हा मतदान करावे लागते. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी राज्य निवडणूक आयोगाने राज्यात १३० थेट सरपंचपदांसाठी आणि २,९५० सदस्यपदांसाठी पोटनिवडणुका घेतल्या. या जागा निधन, अपात्रता, राजीनामा अशा सगळ्याच कारणांनी रिकाम्या झालेल्या असतात. तरी संख्या पाहिली तर लक्षात येते, की या प्रश्नाचा सर्वांत मोठा पसारा लोकसभेत किंवा विधानसभेत नसून गावात आहे. आणि वसुलीच्या प्रस्तावांत ग्रामपंचायतीचा विचार जवळजवळ कुठेच झालेला नाही. गावच्या सदस्याला पाच लाखांचा दंड लावता येणार नाही, हे उघड आहे. मग त्याच्यासाठी तत्त्व कोणते?

जे अजून ठरलेले नाही

दोन जागा लढवण्याच्या प्रकारात बहुतेकांचे एकमत दिसते: एकच जागा ठेवावी, नाहीतर पैसे घ्यावेत. निवडणूक आयोग, विधी आयोग आणि पुष्कळसे अभ्यासक एका बाजूला आहेत; निर्णय संसदेकडे पडून आहे. दुसऱ्या प्रकारांत एकमत नाही आणि ते लवकर होईल अशी चिन्हेही नाहीत.

पहिली अडचण हेतूची. पक्षांतराचा राजीनामा आणि मुद्द्यासाठीचा राजीनामा वेगळे मानायचे तर ते ठरवणार कोण? अध्यक्षांना तो अधिकार दिला तर ते सत्ताधारी पक्षाचे असतात. न्यायालयाला दिला तर पोटनिवडणुकीची सहा महिन्यांची मुदत सुनावणीतच जाईल. हेतू न पाहता सगळ्यांना एकच नियम लावावा, असे म्हणणाऱ्यांना आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे जागा सोडणाऱ्याचे काय, याचे उत्तर द्यावे लागते. क्यूबेकने अपवाद ठेवले आहेत. आपल्याकडे असे अपवाद कोण तपासणार, हे ठरवावे लागेल.

दुसरी अडचण रकमेची. पोटनिवडणूक दुसऱ्या निवडणुकीला जोडली तर खर्च खूप कमी होतो. साताऱ्यात २०१९ मध्ये विधानसभेबरोबरच मतदान झाले. एकाच केंद्रावर मतदाराने दोन यंत्रांवर दोन मते दिली. मांद्रे आणि शिरोड्यात ते लोकसभेबरोबर झाले. मग साताऱ्यासारख्या ठिकाणी वसूल करायची रक्कम किती? जोडलेल्या निवडणुकीचा वेगळा खर्च निघू शकतो का? आणि भोकरसारखी पोटनिवडणूक झालीच नाही, पण मतदारसंघ महिनोन् महिने आमदाराविना राहिला, तर देणे काय आणि कोणाला?

तिसरी अडचण कालमर्यादेची. मुदत संपायला दोन महिने असताना सोडणारा आणि निवडून आल्यावर चार महिन्यांत सोडणारा, दोघांना एकाच मापाने मोजावे का? उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात जबाबदारी ठेवण्याची कल्पना तर्काला धरून आहे. तिचा कच्चा मसुदाही कोणत्या समितीने लोकांपुढे ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. लोकसभा-विधानसभा एकत्र घेण्याचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले तरी राजीनाम्यामुळे लागणाऱ्या पोटनिवडणुका राहणारच. उलट महाराष्ट्रात आमदार खासदार झाल्यावर पोटनिवडणूक टाळणारा लोकसभा-विधानसभेतला सहा महिन्यांचा फरक तेव्हा उरणार नाही. मग या प्रश्नाचे उत्तर आजच्यापेक्षा जास्त वेळा द्यावे लागेल.